क्रूएलची उशी आणि फ्रेम: लोकरीचा उठाव जपायचा कसा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. क्रूएलचे, म्हणजे कापडावर लोकरी धाग्याने भरतकाम केलेले, दोन १६ इंची चौकोन तयार आहेत. एकाची सोफ्यावरची उशी करायची, दुसरा भिंतीवर लावायचा. शिंपी म्हणतो मागून फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवून कडक इस्त्री मारू, फ्रेमवाला म्हणतो काच थेट कापडावर बसवू. दोघांनाही नाही म्हणा. क्रूएलची सगळी शान लोकरीच्या उठावात आहे. पान फुगलेलं दिसतं, फांदीवर सावली पडते, ती त्या उठावामुळे. तो एकदा दबला की परत आणणं फार अवघड. त्यामुळे इथून पुढचं प्रत्येक काम करताना लोकर दबणार तर नाही ना, एवढं आधी बघा.

शिवायच्या आधी धुणं आलंच. महिनोन्‌महिने हाताळलेल्या कापडात हाताचं तेल मुरतं, आणि आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ त्यावर चिकटते. ओला पांढरा फडका मागच्या बाजूने एकेका रंगावर दाबून बघा. लाल, मरून आणि गडद निळा आधी तपासा. रंग लागला तर घरी धुवू नका, ड्रायक्लीनला द्या. नाही लागला तर थंड पाण्यात रिठा घालून नुसतं बुडवून ठेवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही. गरम पाणी आणि चोळणं मिळून लोकरीचा नमदा करतात, म्हणजे ती आकसून घट्ट गुंतते. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी गरमच येतं, म्हणून रात्री बादलीत भरून ठेवलेलं पाणी सकाळी वापरा. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर शेवटचं खळबळणं फिल्टरच्या पाण्यात करा.

मग कापड टॉवेलमध्ये गुंडाळून ओल टिपा आणि पांढरं कापड अंथरलेल्या सॉफ्टबोर्डवर भरतकाम वर ठेवून ताणून बसवा. टाचण्या न गंजणाऱ्याच हव्यात. आधी समोरासमोरच्या दोन बाजूंचे मध्य टाचा, मग उरलेल्या दोन, आणि शेवटी कोपऱ्यांकडे सरका. कापडाचे उभे-आडवे धागे सरळ झाले का ते बघत जा. वाळवायचं सावलीत, पंख्याखाली. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात ४५ अंशांच्या दिवसांत दुपारपर्यंत वाळतं. पावसाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. हे नीट केलंत तर इस्त्री बहुधा लागतच नाही. लागलीच तर जाड टॉवेलवर भरतकाम पालथं घाला, मागून ओला फडका टाका आणि इस्त्री उचलून उचलून ठेवा, सरकवू नका.

आता उशी. फ्युजिंगऐवजी मागे मांजरपाटाचं अस्तर कच्च्या टाक्याने जोडा. आतल्या खोळीला घासून मागचे धागे सुटत नाहीत, आणि वरचं कापडही मऊ राहतं. तुम्ही सुईने भरलंय म्हणून थोडी सवड आहे. काश्मिरी क्रूएल आरीने साखळी टाक्यात भरलेलं असतं, तिथे कात्री धाग्यावरून गेली तर साखळी उसवत जाते. तरीही चारी बाजूंना इंचभर कापड सोडा आणि कडा इंटरलॉक करून घ्या.

पायपिंग जरूर लावा, त्याने भरतकामाला कड मिळते. पट्टी उरेब (तिरकी) कापायची आणि आतली सुती दोरी आधी धुऊन आटवायची, नाहीतर पहिल्याच धुण्यात कडा चुरमुडतात. शिंप्याला मशीनला एका बाजूचा फूट (झिपर फूट) लावायला सांगा, म्हणजे शिलाई दोरीला चिकटून बसते आणि मशीनचा दाब लोकरीवर पडत नाही. कोपरे काटकोनात शिवले की उशीला कान फुटतात. म्हणून प्रत्येक कोपऱ्याच्या चार इंच आधीपासून शिलाई हळूहळू आत घेत जा, टोकाशी अर्धा इंच. चेन खालच्या बाजूला. झालर, गोंडे, आरसे मला या कामावर पटत नाहीत. आरशाची कड तर लोकर ओढते.

भरण्याची उशी कव्हरपेक्षा दोन इंच मोठी करा, १६ला १८. ढिल्या उशीवर पानं-फुलं सुरकुततात. आपण कापसाच्या मुलखात राहतो, तेव्हा पिंजाऱ्याकडून ताजी पिंजलेली रुई भरून घ्या. सेवरीचा कापूस फार मऊ, तो लवकर बसतो. कोपऱ्यांत आधी दाबून भरायला सांगा, आणि रुईचे गोळे झाले की पुन्हा पिंजून घ्या.

फ्रेमसाठी चिकटपट्टी, डिंक, स्टेपल काहीच नको. आम्लमुक्त माउंटबोर्ड घ्या. प्लायवूड किंवा एमडीएफ थेट कापडामागे ठेवलं तर कापड हळूहळू पिवळं पडतं. कडा मागे वळवून जाड दोऱ्याने एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत नागमोडी विणत जा, आधी उभं, मग आडवं. दोरा शेवटी एकदाच ताणायचा. पुढेमागे धुवायचं झालं तर हे सगळं उसवता येतं. इंग्लंडात पारंपरिक क्रूएल काच न लावताही टांगतात, पण आपल्या धुळीत काच हवीच, विशेषतः धाब्याच्या घरात, जिथे वरून माती गळत राहते. फक्त काच आणि लोकर यांच्यात पाच-सहा मिलिमीटर जागा हवी. फ्रेमवाल्याला चौकटीच्या आतून लाकडी पट्टी फिरवायला सांगा. मग श्रावणात काचेवर आतून बाष्प धरलं तरी लोकरीला ओल लागत नाही. चौकट जुन्या सागवानी खिडकीची मिळाली तर उत्तमच, फक्त तिला भुंगा नाही ना, ते बघा.

पश्चिमेची भिंत टाळा, दुपारच्या उन्हाने ती तापते; थेट ऊन पडेल अशी जागाही नको, त्याने रंग उडतात. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, भिंत आणि फ्रेम यांच्यातून हवा खेळते.

राहिली कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. लोकर टिकाऊ आहे; फ्रान्समधल्या बायो गावचा ११व्या शतकातला, सुमारे ७० मीटर लांबीचा पट लिननवर लोकरीनेच भरलेला आहे. पण कसरीला तीच लोकर आवडते, आणि ती बंद, अंधाऱ्या, न हलवलेल्या जागी लागते. म्हणून उशी वापरात ठेवा, महिन्यातून एकदा अंगणात झटका. पेटीत ठेवायची वेळ आली तर धुऊनच ठेवा, सुकलेला कडुलिंबाचा पाला वेगळ्या पिशवीत.

उशीच्या पाठीच्या कापडाचा रंग तुम्ही विचारला नाहीत, पण शिंप्याकडे जायच्या आधी ठरवा. जाड मॅटी घ्या, फांदीच्या खोडाचा जो सगळ्यात गडद तपकिरी आहे त्या रंगाची, आणि पायपिंगही त्याच कापडाची. मळखाऊही होईल. दोन्ही चौकोनांच्या मागच्या बाजूचे फोटो टाका, गाठी कशा आहेत ते बघून धुण्याबद्दल आणखी सांगते.