नवा गट? आधी पंचसूत्री

ताई, महिला बचत गट काढताय हे फार छान. पण लगेच मशीन, अनुदान, पापड-मसाल्याचा धंदा यांच्या मागे लागू नका. पहिले सहा महिने पंचसूत्री पाळा: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब. बँक कर्ज देताना हेच बघते. 'उमेद'वाल्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या ताई) दशसूत्री, म्हणजे दहा नियम, सांगतील; तूर्त हे पाचच पुरे.

नवे गट इथे घसरतात:

- दहा-वीस जणींत सगळ्या ओळखीच्याच; जिला खरी गरज ती बाहेर.
- बचत नुसती खात्यात पडून. ती आपसांत कर्जाने फिरवा, त्याशिवाय परतफेडीची सवय लागत नाही.
- हिशेब एकटीच्या हातात, किंवा (हे जास्त दिसतं) तिच्या नवऱ्याच्या. लिहिणारी एकच असली तरी प्रत्येक बैठकीत आकडे मोठ्याने वाचा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा कधीच नाही.

गावाचा प्रश्न एकच धरा, समजा नळाचं पाणी. कायद्याने ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते. तिथे सगळ्या मिळून जा, ठराव लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला अर्थ नाही.

ग्रामसंघाचं, म्हणजे गावातल्या गटांच्या एकत्र संघाचं, नंतर बोलू. या आठवड्यात बैठकीचा वार तेवढा ठरवा.