प्रतिदीप्ती विझते की शमते?

नागपूरच्या एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीने विचारले आहे: 'संत्र्याच्या सालीचे कार्बन डॉट्स यूव्हीखाली निळे चमकतात आणि पाण्यात लोह असले की विझतात' हे वाक्य चालेल का? कार्बन डॉट्स म्हणजे काही नॅनोमीटरचे कार्बनचे कण. दुसऱ्या पदार्थामुळे त्यांचा प्रकाश मंदावणे, म्हणजे 'क्वेंचिंग', याला मराठीत काय म्हणावे?

आधी 'चमकतात' काढा. चमकते ते घासलेले पितळ. ती परावर्तनाची गोष्ट. इथे कण ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा यूव्ही प्रकाश शोषतात आणि ४५०च्या आसपासचा निळा प्रकाश स्वतः बाहेर टाकतात. यासाठी 'अनुस्फुरण' आणि 'प्रतिदीप्ती' दोन्ही लिहिले जातात. माझे मत 'प्रतिदीप्ती'ला. संत्र्याच्या पट्ट्यात 'स्फुर' दिसले की वाचकाला खताच्या गोणीवरचा स्फुरदच आठवणार! 'फ्लुओरेसन्स' हा इंग्रजी शब्द भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्सने १८५२मध्ये फ्लुओरस्पार या खनिजावरून पाडला. त्यात प्रकाशाचा मागमूसही नाही.

आता क्वेंचिंग. लोहारकामात यालाच पाणी पाजणे म्हणतात, ते इथे निरुपयोगी. 'विझणे'ही नको, कारण वीस टक्के विझलेला दिवा मराठीत बसत नाही आणि तुम्हाला तर टक्केच मोजायचे आहेत. 'शमणे' कमीजास्त होते: तहान थोडी शमते, ताप बराच शमतो. देवापुढचा दिवा 'शांत झाला' म्हणतो, तो 'शांत'ही त्याच 'शम्' धातूचा. म्हणून शमन.

पण आकडा घटला की लगेच शमन लिहू नका. कार्बन डॉट्सच्या २ मिलि द्रावणात लोह तपासायच्या पाण्याचा १ मिलि नमुना घातला तर नुसत्या पातळपणानेच प्रतिदीप्ती साधारण एक तृतीयांश उतरते. तेवढेच शुद्ध पाणी घालून तुलना करा. दुसरे, फेरिक (Fe³⁺) लोहाचे पिवळसर द्रावण यूव्ही स्वतःच गिळते. कणांपर्यंत प्रकाश पोचतच नाही. याला मी 'अडवणूक' म्हणेन. लोहाच्या द्रावणाचा शोषणपट (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) वेगळा घ्या, म्हणजे कळेल. प्रतिदीप्तीचे आयुष्य (प्रकाश शोषल्यापासून तो बाहेर टाकेपर्यंतचा सरासरी काळ) कमी झाले असेल तर ती नुसती अडवणूक नाही, खरे शमन आहे, बहुधा टकरीने होणारे. तेवढेच राहिले तर अडवणूक किंवा स्थिर शमन (लोह आधीच कणाला चिकटून बसल्याने होणारे), दोन्ही शक्य.

शमन कोणाचे, हेही बघा. सालपूड आणि पाणी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली तापवायच्या बंद भांड्यात) तापवून केलेले द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळले तरी लहान रेणू त्यातून सहज पार होतात आणि त्यांतले काही स्वतःच प्रतिदीप्त असतात. डायलिसिसशिवाय (म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून लहान रेणू काढून टाकल्याशिवाय) 'कार्बन डॉट्सचे शमन' लिहिणे धाडसाचे.

'डॉट्स' तसेच ठेवा. 'ठिपके' म्हटले की रांगोळी आठवते. वाक्य असे करा: 'संत्र्याच्या सालीपासून केलेले कार्बन डॉट्स यूव्ही प्रकाशात निळी प्रतिदीप्ती दाखवतात, फेरिक लोहामुळे तिचे शमन होते.'