लॅव्हनमचं चर्च कुणाच्या पैशानं उभं राहिलं?

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये सफक परगण्यात नर्स आहे. जवळच्या लॅव्हनम गावच्या चर्चचे फोटो तिनं पाठवले. गाव जेमतेम दोन हजार वस्तीचं आणि चर्च केवढं थोरलं! एवढा खर्च कुणी केला असेल? शिवाय पूर्वेकडचा भाग बुटका आणि वेगळाच का दिसतो?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, हा प्रश्न साखर पेठेतून आला याचा मला फार आनंद झाला, कारण त्याचं उत्तर मागावर आहे. हे चर्च कापडाच्या पैशातून उभं राहिलं. लॅव्हनमचं लोकरीचं निळं कापड तेव्हा परदेशात जायचं. तो निळा रंग वोड नावाच्या झाडाच्या पाल्यापासून काढत. कातणारे आणि विणणारे घरोघरी राबत, व्यापारी त्यांना लोकर देऊन तयार माल उचलत. हा व्यवहार तुम्हाला मी काय सांगावा! १५२४च्या करवसुलीत हे एवढंसं गाव इंग्लंडच्या सर्वांत धनवान गावांमध्ये चौदावं होतं.

चर्चचा बहुतेक भाग साधारण १४८५ ते १५२५ या काळात नव्यानं बांधला गेला. पैसा मुख्यतः दोघांचा : गावचा जमीनदार, ऑक्सफर्डचा अर्ल जॉन द व्हेर आणि कापडाचा बडा व्यापारी थॉमस स्प्रिंग. स्प्रिंग १५२३ मध्ये वारला, तेव्हा मनोऱ्यासाठी मृत्युपत्रात २०० पौंड ठेवून गेला. मनोरा १४१ फुटांचा आहे. मुलीला त्याचा पाया नीट न्याहाळायला सांगा. अर्लच्या घराण्याचा पाचटोकी तारा तिथं कोरलाय आणि त्याच्या जोडीला स्प्रिंगची व्यापारी खूण. चादरीच्या गठ्ठ्यावर कारखान्याचा छाप असतो ना, तशीच ती त्याच्या मालाची खूण, देवाच्या दारात दगडावर उमटलेली. वर कठड्यावर तर स्प्रिंग घराण्याचं मानचिन्ह पुन्हा पुन्हा कोरलंय. कापडवाला सरदाराच्या बरोबरीला आला, हे एवढं उघडपणे सांगणारी दुसरी भिंत माझ्या माहितीत नाही.

आता तो बुटका भाग. त्याला चॅन्सेल म्हणतात, वेदी तिथं असते. तो १४व्या शतकातला, म्हणजे आधीच्या चर्चमधून राखलेला. इंग्लंडमध्ये रीत अशी होती, की चॅन्सेलची डागडुजी पाद्रीकडे आणि लोक बसतात तो मोठा सभामंडप गावाकडे. श्रीमंती आली ती गावाला, म्हणून मंडप उंच झाला, खिडक्या रुंद झाल्या, उभ्या दगडी पट्ट्यांच्या जाळीतून भरपूर उजेड आत आला. या उभ्या रेषांच्या शैलीला पर्पेंडिक्युलर म्हणतात. चॅन्सेल मात्र होता तसाच राहिला. जुन्या चर्चमध्ये असे सांधे दिसले, की कुठल्या भागाचा खर्च कुणाकडे होता ते आधी विचारावं. बरंचसं कोडं तिथंच सुटतं.

विणकरांचं नाव त्या दगडांवर कुठंच नाही, याची मला खंत वाटते. ते इतिहासात दिसतात १५२५ मध्ये. फ्रान्सवरच्या स्वारीसाठी आठव्या हेन्रीनं जादा पैसा मागितला. व्यापारी म्हणाले, आता मजुरांना काम देणं परवडत नाही. हजारो माणसं लॅव्हनमला जमली. चर्चच्या घंटा वाजल्या की उठायचं ठरलं होतं, पण एका धनिकानं घंटांचे लोलक आधीच काढून ठेवले होते. तुमचा म्होरक्या कोण, असं राजाच्या बाजूचा सरदार, नॉरफोकचा ड्यूक यानं विचारलं, तेव्हा जॉन ग्रीन नावाच्या माणसानं सांगितलं, की आमच्या म्होरक्याचं नाव दारिद्र्य. शेवटी राजाला ती वसुली सोडून द्यावी लागली.

पुढं कोल्चेस्टरला नेदरलँड्समधून आलेले निर्वासित विणकर हलकं, स्वस्त कापड काढू लागले आणि लॅव्हनमचा जाड माल मागं पडला. घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसा उरला नाही, म्हणून तिथली जुनी लाकडी चौकटीची घरं आजही उभी आहेत. बाजारचौकात १५२९च्या सुमाराचं गिल्डहॉल, म्हणजे तेव्हाच्या एका संघाचं सभागृह आहे. चर्च बघून झालं की मुलीला तिकडेही जायला सांगा.