अवजड घोड्यांवरील स्वारी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझे वजन ११५ किलो आहे. हलक्या घोड्यावर बसलो तर त्याला त्रास होईल, अशी भीती वाटते. शायर जातीचा घोडा ९०० किलोंचा असल्यामुळे त्याला माझे ओझे जाणवणारही नाही, असे एका परिचितांनी सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर : आपल्या मनात घोड्याच्या त्रासाचा विचार आधी आला, हे फार चांगले आहे. मात्र आपल्या परिचितांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. शायर, क्लाइड्सडेल, पर्चेरॉन, बेल्जियन या जातींची ताकद वादातीत आहे, पण ती ओढण्याची ताकद आहे. गाडीला किंवा नांगराला जुंपलेला घोडा मानेभोवतीच्या कॉलरवर खांदे टेकवून आपले सगळे शरीर पुढे झोकतो, आणि त्या वेळी त्याचे स्वतःचे वजनच त्याच्या कामी येते. गाडीतला माल चाकांवर असतो, घोड्याच्या मणक्यांवर नसतो. स्वार मात्र थेट पाठीवर बसतो. तेथे घोड्याच्या अवाढव्य वजनाचा काही उपयोग होत नाही, उलट स्वाराच्या आधी घोड्याला स्वतःलाच वाहून न्यावे लागते.

यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. प्राणी सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात मोठा झाला, तर त्याचे वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, पण हाडांचा आणि स्नायूंचा आडवा छेद, ज्यावर त्यांची ताकद अवलंबून असते, तो वर्गाच्याच प्रमाणात वाढतो. म्हणून ५०० किलोंच्या घोड्यापेक्षा ९०० किलोंच्या घोड्याच्या सांध्यांवर विनास्वारही अधिक ताण असतो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत भार चालतो, असा एक संकेत अश्वारोहणात सर्वत्र सांगितला जातो. अमेरिकेतील ओहायो राज्यात झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा, वीस, पंचवीस आणि तीस टक्के भार देऊन घोड्यांची तपासणी करण्यात आली, आणि पंचवीस टक्क्यांपासून पुढे हृदयाचे ठोके व स्नायूंचा दुखरेपणा ठळकपणे वाढलेला दिसला. परंतु ते घोडे हलक्या बांध्याचे होते. तोच हिशेब ९०० किलोंच्या शायरला लावून १८० किलोंची मुभा काढणे मला मुळीच मान्य नाही. अवजड घोड्यासाठी मी पंधरा टक्क्यांच्या आतच थांबेन, आणि तेही घोडा सुदृढ, कमावलेला व चरबी नसलेला असेल तरच.

त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष आपल्याला अधिक उपयोगी पडेल. ज्या घोड्यांची कंबर रुंद आणि पायाच्या नळीचे हाड जाड होते, त्यांचे स्नायू भाराखाली कमी दुखावले. तेव्हा आपण घोडा पाहायला जाल, तेव्हा उंचीने भारावून जाऊ नका. आखूड आणि रुंद पाठ, भरलेली कंबर, जाड नळ्या आणि स्वच्छ, न सुजलेले सांधे असलेला मध्यम उंचीचा, ६५० ते ७५० किलोंचा घोडा ११५ किलोंच्या स्वाराला अठरा हँडांच्या शायरपेक्षा कितीतरी बरा. (एक हँड म्हणजे चार इंच, आणि उंची खांद्याच्या उंचवट्यापाशी मोजतात.) पंधरा टक्क्यांच्या हिशेबाने आपल्याला खोगीर धरून जवळपास ८५० किलोंचा घोडा लागेल, असे आपण म्हणाल. अशा सुदृढ मध्यम घोड्यावर मी वीस टक्क्यांच्या संकेताकडे झुकायला तयार आहे, कारण त्याचा बांधा ओझे पेलणारा असतो. फेरफटके मात्र लहान ठेवावेत, चढावर उतरून चालावे आणि घोड्याच्या पाठीवर रोज हात फिरवून पाहावा. बोटांनी बेताचा दाब देताच त्याने पाठ खाली घेतली किंवा कान मागे टाकले, तर त्या दिवशी खोगीर चढवू नये.

प्रश्न : अवजड जातींपैकी स्वारीला सर्वांत योग्य जात कोणती?

उत्तर : जातीपेक्षा समोरचा घोडा महत्त्वाचा असला, तरी जातींच्या घडणीत फरक आहेत. फ्रान्समधील पेर्श प्रांतातील पर्चेरॉन घोडे एकेकाळी टपालगाड्यांना आणि पॅरिसच्या घोडागाड्यांना जुंपले जात. ते काम दुडक्या चालीचे होते. त्यामुळे या जातीत आजही पुढे जाण्याची उत्सुकता आणि पायांतील मोकळेपणा दिसतो, शिवाय पायांवर केसांचे झुबके फारसे नसतात. संपूर्ण अवजड जातींतून एकच निवडायची झाली, तर मी पर्चेरॉनकडे बोट दाखवीन, त्यातही हलक्या बांध्याच्या.

स्कॉटलंडमधील क्लाइड्सडेल गुडघे उंच उचलून चालतो. दिसायला ही चाल देखणी असते, पण दुडकीत स्वाराला चांगलेच उसळवते. बेल्जियम, फ्रान्स आणि लक्झेंबर्ग यांच्या सीमेवरचा आर्देन बुटका, आखूड पाठीचा आणि फार समंजस असतो. इंग्लंडमधील सफोक पंच नेहमी तांबड्या रंगाचाच असतो, आणि चिकणमातीच्या शेतात वापरायचा असल्याने त्याचे पाय मुद्दाम केसविरहित राखले गेले. त्याची संख्या आता फार कमी उरली आहे. कोणी सफोक घोडीवर स्वारी करत असेल, तर तिच्यापासून शुद्ध वंशाची शिंगरे घेण्याचाही विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

खरे सांगायचे तर बहुतेक स्वारांची गरज आयरिश ड्राफ्ट जातीने भागते. नावात ओढकाम असले तरी तो शायरच्या पंक्तीतला नाही. आयर्लंडमधील शेतकऱ्याला आठवडाभर नांगर आणि गाडी ओढणारा, आणि त्याच आठवड्यात खोगीर चढवून शिकारीला नेता येईल असा एकच घोडा हवा होता. त्या गरजेतून घडलेल्या या घोड्याचा खांदा तिरका, मान उंच जोडलेली आणि शरीर मोकळे आहे. थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीशी संकर करून मिळणारे घोडे तर जगभर उडीच्या स्पर्धांमध्ये खेळतात. इतर अवजड जातींचे थरोब्रेडशी केलेले संकरही चांगले निघू शकतात, पण त्यात एक धोका आहे. जड शरीर आणि बारीक पाय एकाच शिंगरात एकत्र आले, तर असा घोडा आयुष्यभर लंगडतो. म्हणून संकरित घोडा घेताना आधी पाय पाहावेत आणि मग रूप.

प्रश्न : मध्ययुगातील चिलखतधारी सरदार शायरसारख्याच घोड्यांवर बसत, असे वाचले आहे. मग आज शंका कशासाठी?

उत्तर : ही समजूत पुराव्याला धरून नाही. इंग्लंडमधील उत्खननांत सापडलेल्या घोड्यांच्या हाडांचा जो मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यात मध्ययुगातील बहुसंख्य घोडे आजच्या तट्टांच्या उंचीचे असल्याचे दिसले. रणांगणावरील पूर्ण चिलखतही साधारण पंधरा ते पंचवीस किलोंचेच असे. आज आपण ओळखतो ते अवजड घोडे मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील शेती व वाहतुकीच्या गरजेतून घडले. क्लाइड्सडेलची नोंद ठेवणारी संस्था १८७७ साली आणि शायरची १८७८ साली स्थापन झाली.

प्रश्न : आमचा नऊ वर्षांचा बेल्जियन घोडा गाडीला उत्तम चालतो, पण त्याच्या पाठीवर कधी कोणी बसलेले नाही. लगाम ओढला की तो उलट जोर लावतो. त्याला स्वारीला तयार करता येईल का?

उत्तर : अवश्य येईल, आणि असा घोडा बहुधा कोवळ्या घोड्यापेक्षा लवकर शिकतो, कारण रहदारी, आवाज आणि माणसांची सवय त्याला आधीच असते. लगाम ओढल्यावर जोर लावणे हा मात्र त्याचा हट्ट नव्हे. छातीवर दाब आला की त्या दाबात शिरायचे, हेच त्याला इतकी वर्षे शिकवले गेले आहे. आता दाब आला की सैल व्हायचे, हे नव्याने शिकवावे लागेल. ९०० किलोंच्या घोड्याशी ओढाताणीत कोणताही माणूस जिंकणार नाही, म्हणून तशी वेळच येऊ देऊ नये. जमिनीवर उभे राहून एका बाजूचा लगाम हलकेच धरावा, त्याने मान किंचित वळवताच लगाम सोडावा आणि शाबासकी द्यावी. हे दोन्ही बाजूंनी, रोज थोडा वेळ करावे.

त्याला येणारे शब्द टाकून देऊ नका. थांबणे, चालणे, डावीकडे, उजवीकडे यांसाठी गाडीवर जे बोलत होता तेच पाठीवरूनही बोला आणि त्याच क्षणी टाचेचा इशारा द्या. काही दिवसांत तो दोन्हींचा संबंध जोडतो. जनावर किती शिकू शकते, याचे उत्तम उदाहरण ब्रिटनच्या राजदरबारी घोडदळात पाहायला मिळते. तेथील नगारे वाहणारे घोडे शायर किंवा क्लाइड्सडेल वंशाचे असतात. दोन्ही बाजूंना चांदीचे नगारे असतात, वादकाचे दोन्ही हात टिपऱ्यांत गुंतलेले असतात, आणि लगाम रिकिबींना जोडून तो केवळ पायांनी घोडा चालवतो.

प्रश्न : आमचा पावणेचार वर्षांचा शायर पूर्ण वाढलेला दिसतो. आता त्याच्यावर नियमित स्वारी सुरू करावी का?

उत्तर : करू नये. तो उंच दिसतो, पण त्याची वाढ पूर्ण झालेली नाही. घोड्याच्या शरीरात मणक्यांच्या वाढपट्ट्या (हाड जिथून वाढते ते मऊ पट्टे) सर्वांत शेवटी, साधारण साडेपाच वर्षांनंतर जुळतात, आणि मोठ्या जातींचे शरीर त्यानंतरही भरत राहते. सध्या त्याला लांब लगामांवर मागून चालत हिंडवावे, खोगिराची ओळख करून द्यावी आणि तो चार वर्षांचा झाल्यावर हलक्या स्वाराला घेऊन थोडा वेळ सरळ रस्त्याने, साध्या चालीने न्यावे. तो सहा वर्षांचा होईपर्यंत धीर धरलात, तर हा घोडा पुढे बरीच वर्षे आपली साथ देईल.

प्रश्न : पर्चेरॉन घोडीवर खोगीर एका बाजूला सरकते. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कितीही आवळला तरी उपयोग होत नाही, आणि तासाभराने माझीच कंबर दुखते.

उत्तर : तंग अधिक आवळणे आधी थांबवा. त्याने घोडीचा श्वास अडतो, पण खोगीर स्थिर होत नाही. या घोड्यांचा खांद्याचा उंचवटा बसका आणि पाठ गोल असल्यामुळे खोगिराला अडून बसायला जागाच नसते. त्यासाठी खोगिराचा सांगाडा नुसता रुंद असून भागत नाही, त्याचा बाकही पाठीसारखाच पसरट असावा लागतो. खोगिराची मागची कड शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपली पाहिजे, कारण त्यामागच्या कमरेला आधार देणाऱ्या बरगड्या नसतात.

स्वारीनंतर खोगीर उतरवून घामाचे ठसे पाहा. दोन्ही बाजूंना सारखा ओलावा असेल तर बरे. ओल्या भागात मध्येच तळहाताएवढा कोरडा पट्टा दिसला, तर तेथे दाब इतका पडला आहे की घामही आलेला नाही. तेथे पुढे पांढरे केस उगवलेले दिसतील. बिनसांगाड्याचे खोगीर हा यावर उपाय नाही, त्याने वजन एकाच जागी साठते. जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून चढू नका, ओट्यावरून चढा, तेही कधी डावीकडून, कधी उजवीकडून.

आपल्या कंबरेचे म्हणाल, तर इतक्या रुंद पाठीवर मांड घालताना माणसाचे खुबे ताणले जातात. बैठकीचा मधला भाग अरुंद असलेले खोगीर मिळते, ते पाहावे. त्याचबरोबर घोडीच्या बरगड्याही चाचपून पाहा. त्या हाताला लागत नसतील, तर काही रुंदी चरबीची आहे. हे घोडे दर किलो वजनामागे हलक्या घोड्यांपेक्षा कमी खाण्यावर राहतात. मोठे जनावर म्हणून घमेले भरून चंदी (धान्याचा खुराक) घालणे हा त्यांच्यावर केलेला अन्याय आहे, त्यांना वैरण भरपूर आणि चंदी बेताची असावी.

प्रश्न : सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी आमची बेल्जियन घोडी थोडे चालताच ताठरते, घाम गाळते आणि पाऊल उचलत नाही. हा आळस आहे का?

उत्तर : नाही, आणि कृपा करून तिला टाच मारून पुढे काढू नका. ताबडतोब थांबवा आणि पशुवैद्याला बोलवा. लघवी गडद तपकिरी झाली असेल, तर तेही सांगा. स्नायूंत साखरेचा साठा बिघडवणारा एक आनुवंशिक विकार बेल्जियन आणि पर्चेरॉन घोड्यांत पुष्कळ आढळतो, शायर आणि क्लाइड्सडेलमध्ये तो कमी दिसतो. जुन्या काळी रविवारी पूर्ण चंदी खाऊन उभे राहिलेले घोडे सोमवारी सकाळी असेच जागच्या जागी अडत. आयाळीचे केस मुळांसकट काढून त्यांची जनुकीय तपासणी करता येते. निदान पक्के झाले, तर धान्य आणि गोड खाद्य बंद करून उष्मांकासाठी तेल देणे आणि एकही दिवस पूर्ण विश्रांती न देता रोज हिंडवणे, या दोन गोष्टींनी बहुतेक घोडे पुन्हा स्वारीजोगे होतात.

पशुवैद्य येतील तेव्हा घोडीचे वजन अंदाजाने सांगू नका, वाहनांच्या वजनकाट्यावर नेऊन करून घ्या. जंताच्या औषधाची एक नळी साधारण ६०० किलोंसाठी भरलेली असते, त्यामुळे ८५० किलोंच्या जनावराला ती अपुरी पडते. गुंगीचे औषध मात्र या जातींना वजनाच्या मानाने कमी लागते.

प्रश्न : पायांवरील लांब केस स्वारीसाठी कापावेत का? आणि अशा घोड्याने उडी मारावी का?

उत्तर : केसांखालची त्वचा निरोगी असेल, तर ते राखायला हरकत नाही. मात्र रोज खरारा करताना तेथे बोटे घालून कातडीपर्यंत चाचपा. खपल्या, ओलसरपणा किंवा गाठी लागल्या, अथवा घोडा पाय आपटत असेल, तर केस कापून कातडी उघडी करा आणि उपचार घ्या. तेथे सूक्ष्म किडे होतात, आणि शायर, क्लाइड्सडेल व बेल्जियन घोड्यांत पायांची सूज वाढत जाऊन कातडीला जाड घड्या पडण्याचा एक असाध्य विकारही आहे. तो लवकर ओळखला तर आटोक्यात ठेवता येतो.

उडीबाबत माझे मत स्पष्ट आहे. रस्त्यात आडवे पडलेले लाकूड ओलांडण्यापुरती उडी चालेल, स्पर्धेची नको. उडीनंतर जमिनीला टेकताना सगळे वजन आधी एका पुढच्या पायावर येते. तेच उकाड्यातील लांब दौडीलाही लागू आहे. वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ कमी असल्याने या घोड्यांची उष्णता सावकाश बाहेर पडते, म्हणून उन्हाळ्यात पहाटेच बाहेर पडावे, आणि परतल्यावर श्वास शांत होईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत राहावे.