अडीच तासांचे नारदीय कीर्तन एका ऑडिओ सीडीवर कसे बसवावे?

अडीच तासांचे कीर्तन एका प्रमाणित ऑडिओ सीडीवर बसत नाही. त्यासाठी ८० मिनिटांच्या दोन सीडी लागतील. तुमची एमपीथ्री फाइल कितीही लहान असली, तरी ऑडिओ सीडी लिहिताना सॉफ्टवेअर ती उलगडून सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, स्टिरिओ याच ठरलेल्या स्वरूपात आणते, म्हणून येथे फाइलचा आकार नव्हे, तर केवळ कालावधी मोजला जातो. बिटरेट (दर सेकंदाला वापरला जाणारा डेटा) उतरवून किंवा मोनो करून एक मिनिटही वाचत नाही. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, पूर्वरंग (कीर्तनाचा पहिला, निरूपणाचा भाग) संपून मध्यंतराचे भजन सुरू होते तेथे फाइल तोडावी, कारण कथेच्या मध्येच सीडी बदलावी लागणे हा श्रोत्यावर अन्यायच आहे. मात्र दोन्ही भाग ८० मिनिटांच्या आत आहेत ना, हे आधी पाहावे. प्रत्येक भागाचे दहा-दहा मिनिटांचे ट्रॅक केल्यास हवी ती जागा चटकन सापडते. फक्त लिहिताना ‘डिस्क ॲट वन्स’ (पूर्ण सीडी एका दमात लिहिणे) हा पर्याय निवडून ट्रॅकमधील अंतर शून्य ठेवावे, अन्यथा अभंगाच्या मध्येच दोन सेकंदांची शांतता येते. तुमचा प्लेअर एमपीथ्री वाजवत असेल, तर गोष्ट वेगळी: १२८ केबीपीएस बिटरेटचे सुमारे बारा तास एकाच डेटा सीडीवर (जिच्यावर एमपीथ्री फाइल जशाच्या तशा ठेवतात) मावतात, परंतु जुने प्लेअर अशी सीडी वाजवत नाहीत.