कॅन्सर म्हणतात, मग औषध जंतूचं कसं?

प्रश्न : सासरे ६१ वर्षांचे, शेती करतात. दीड वर्ष पोटात जळजळायचं, मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणून खायचे. कोल्हापुरात दुर्बिणीतून तुकडा काढला. रिपोर्टात ‘माल्ट लिम्फोमा’ आणि ‘एच. पायलोरी’ आहे. सीटी स्कॅन चांगला आला. डॉक्टरांनी १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या, केमो नको म्हणाले. पाहुणे म्हणतात, टाटाला न्या. सासूबाईंनी त्यांचं ताट-वाटी वेगळं केलंय. आम्ही फसतोय का?
– एक सून, शिरोळ तालुका

उत्तर : नाही ताई, तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. पंचवीस वर्षं दुर्बीण हाताळतोय, तरी हा आजार मी बोटांवर मोजण्याइतकाच पाहिलाय. त्यामुळे पाहुण्यांना नवल वाटणारच.

माल्ट लिम्फोमा म्हणजे जठराच्या अस्तरातल्या लिम्फच्या, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींचा कॅन्सर. या पेशींची वस्ती तिथं मुळात नसतेच. एच. पायलोरी हा जंतू जठरात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला की त्याच्याशी लढायला त्या गोळा होतात आणि त्यातल्या काही बेबंद वाढून गाठ होते. सुरुवातीला मात्र त्यांची रसद जंतूकडूनच येते. जंतू मेला की गाठ विरते. १९९३ साली लंडनच्या डॉक्टरांनी अशा सहा जणांना फक्त जंतूचं औषध दिलं, पाच जणांची गाठ गेली. आजार जठरापुरता असेल तर आजही दहापैकी सात-आठ जणांना एवढं पुरतं. तांबड्या रश्श्याला उगाच आरोपी करू नका.

गोळ्यांनी तोंड कडू होईल, मळमळेल, तरी एकही चुकवू नका. जंतू गेला का, हे गोळ्या संपल्यावर सहा आठवड्यांनी तपासायचं. इथं मी स्वतः एकदा फसलोय. हातकणंगल्याच्या एका दुकानदाराची शौचाची तपासणी स्वच्छ आली, मी त्याला पेढे वाटायला सांगितलं. पुढच्या दुर्बिणीत जंतू जिवंत! गडी रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेत होता आणि मी विचारलंच नव्हतं. त्या गोळीनं जंतू दबतो, तपासणीत सापडत नाही. म्हणून ती तपासणीच्या दोन आठवडे आधी बंद करायची.

दुर्बीण तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा. गाठ तेव्हा पूर्ण गेली नसली तरी घाबरू नका, जंतू गेला असेल तर कधी कधी वर्ष-दीड वर्षही लागतं. काही गाठींत ११ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात. त्या सहसा गोळ्यांना दाद देत नाहीत, मग थोडं रेडिएशन द्यावं लागतं. रिपोर्टात ‘लार्ज सेल’ (मोठ्या पेशींचा, जोरानं वाढणारा प्रकार) असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथं केमो लागतं. काळी शौच, रक्ताची उलटी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टाटाचं मत हवंच असेल तर सासऱ्यांना रात्रीच्या गाडीत बसवण्याआधी त्यांच्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक (तुकडा मेणात जपलेला असतो तो) आणि काचा (स्लाइड) पाठवा. लॅबमध्ये मागितल्या की मिळतात.

आणि ताट-वाटी आजच परत मांडणीत ठेवा. गाठ कुणाला लागत नाही. जंतूचं म्हणाल, तर आपल्याकडे निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात तो असतोच, सासूबाईंच्याही असेल.