नवटाक म्हणजे नेमकं किती?

प्रश्न असा: जुन्या पाककृतींचं पुस्तक तयार करताना मुंबईतल्या एका घरच्या वहीत नारळाच्या वड्यांचं प्रमाण मिळालं, ‘मोठा नारळ एक, साखर अर्धा शेर, तूप नवटाक’. यातलं ‘नव’ म्हणजे नवं का? आणि ग्रॅममध्ये किती धरायचं?

‘नव’ म्हणजे नऊ. टाक (जुन्या लिखाणात टांक) हे वजन. देव्हाऱ्यातल्या टाकाशी किंवा लिहायच्या टाकाशी, म्हणजे बोरूच्या भावंडाशी, त्याचा संबंध जोडू नये. ७२ टांकांचा एक शेर, म्हणून नऊ टांक म्हणजे शेराचा आठवा भाग. अदपावही तेवढाच. छटाक मात्र शेराचा सोळावा भाग, म्हणजे नवटाकाच्या निम्मा. त्यातले टांक सहा, पण सहा सोळे शहाण्णव, तेव्हा तो हिशेब या ७२ टांकांच्या शेराचा नाही.

खरी गोम शेरात आहे. ८० तोळ्यांचा पक्का शेर सुमारे ९३३ ग्रॅम भरतो, त्याचा नवटाक ११७ ग्रॅमच्या आसपास. मुंबईचा जुना शेर मात्र २८ पौंडी मणाचा चाळिसावा भाग, म्हणजे जेमतेम ३१८ ग्रॅम. त्याचा नवटाक ४० ग्रॅम. जवळजवळ तिपटीचा फरक!

सगळे जिन्नस शेरातच दिले असते तर कुठलाही शेर धरला तरी बिघडलं नसतं, वड्या कमी-जास्त झाल्या असत्या इतकंच. इथे नारळ नगावर आहे, आणि तोच निवाडा करतो. पक्क्या शेराने एका नारळाला ४६७ ग्रॅम साखर आणि वर ११७ ग्रॅम तूप पडेल. त्या वड्या नव्हेत, तुपात पोहणारा पाक! मुंबईच्या शेराने साखर १६० ग्रॅम, तूप ४०. नारळ मोठा असला तर साखर किंचित बेताची वाटेल, पण वडी पडेल. तेव्हा पुस्तकात ‘नवटाक (सुमारे ४० ग्रॅम)’ असं बिनधास्त छापा. मूळ शब्द मात्र काढू नका.

त्याच वहीत तांदूळ शेरात असतील तर हा आकडा तिथे लावू नये. धान्याचा शेर वजनाचा नव्हे, भरून मोजायच्या मापाचा असे, टिपरी-पायलीच्या घराण्यातला. तो भरून पाहावा लागतो.

आणि हो, दारू पिऊन आलेल्याला ‘नवटाक मारून आला’ म्हणतात, त्यातला नवटाक हाच. फक्त तिथे तूप नसतं.